पोस्ट होल डिगर: पीटीओवाला घ्यावा की हायड्रोलिकवाला? ट्रॅक्टर ४५ एचपी, कळमेश्वर साइड

वावरवाला_कळमेश्वर

राम राम मंडळी, थोडा सल्ला पाहिजे. कळमेश्वरच्या पुढं आमचं पाच एकराचं वावर आहे, एका अंगाला नाला अन् त्याची झाडी, त्यामुळं रोही (नीलगाय) अन् रानडुकरांचा त्रास इतका वाढला की मागच्या रब्बीत हरभरा आम्ही पेरला अन् खाल्ला त्यांनी. आता पूर्ण वावराला सिमेंट पोल टाकून जाळीचं कंपाउंड करायचं ठरवून राहिलो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या चार एकरात संत्रा लावायचा विचार आहे. म्हणजे खड्डे दोन टाइपचे, पोलचे अरुंद अन् संत्र्याचे मोठे.

मजूर खड्ड्यामागं पैसे मागतात ते ठीक आहे, पण एकदा कापूस वेचणी सुरू झाली की पैसे देऊनही कोणी येत नाही. म्हणून ट्रॅक्टरला लागणारा डिगर पाहून राहिलो. ट्रॅक्टर घरचा आहे, साधा ५४० चा पीटीओ (मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे, त्यावर औजार चालते), रोटाव्हेटर चालवतो त्याच्यावर, तक्रार नाही. मागं ट्रॉलीच्या जॅकचा पाइप लावायला एक पॉइंट आहे, बाकी हायड्रोलिकचं काही एक्स्ट्रा नाही.

एक दुकानदार म्हणतो डोळे झाकून पीटीओवाला घ्या, सगळे तोच नेतात. दुसरा म्हणतो पीटीओवाल्याचा जमाना गेला, ऑगर (माती खोदणारा आट्यांचा दांडा) फसला की बोल्ट तुटते, पीटीओपासून डिगरपर्यंत फिरणाऱ्या शाफ्टचा धोका वेगळा, हायड्रोलिक घ्या, उलटा फिरते, अडला की आपोआप थांबते. दोघंही आपलं आपलं विकून राहिले हे मला समजते, म्हणून इथं विचारलं. किमतीत फरक चांगलाच आहे.

जमीन वरच्या अंगाला हलकी, फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. खालच्या अंगाला खोल काळी. धुऱ्यावर (बांधावर) कुठं कुठं गोटे. ज्यांनी वापरलं त्यांनी सांगा बरं.

ऑगरवाला_काटोल

भाऊ मी काटोल-नरखेड साइडले भाड्यानं खड्डे मारून देतो, माझ्याकडं पीटीओवालाच हाय, म्हनून मी त्याचीच बाजू घेईन असं समजूनच पुढचं वाचजा.

४५ एचपीले पीटीओवाला आरामात चालते. डिगरचा गिअरबॉक्स फेरे कमी करते, साधारण तीनास एक, म्हनजे इकडून ५४० गेले तं ऑगर १८० च्या आसपास फिरते. पन पूर्ण ५४० वर चालवाचं कामच नाई. थ्रॉटल कमी ठेवाचा. जोरात फिरवलं तं माती खड्ड्याच्या तोंडाशी पडाच्या ऐवजी दूरवर उडते, मंग पोल गाडतानी भराले मातीच राह्यत नाई, अन् गोटा लागला की पूर्ण मशीनले झटका बसते.

दुसरं म्हनजे एका दमात खाली सोडाचं नाई. अर्धा फूट गेला की वर उचला, माती झटकू द्या, परत सोडा. काळ्या मातीत लोकं हेच करत नाई, लिव्हर पूर्ण खाली टाकून देते, ऑगर आटे घेत घेत खाली घुसून जाते अन् वरून मातीचा भार बसते, मंग लिफ्ट जोर करते तं ऑगर येत नाई, ट्रॅक्टरचंच तोंड उचलाले लागते. असं फसलं तं पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, अन् मंग मोठा पाइप पाना ऑगरच्या दांड्याले लावून हातानं उलटा फिरवाचा. दोन-चार आटे सुटले की निघते. काही ट्रॅक्टरले रिव्हर्स पीटीओ येते, तुमच्याले असंन तं हे काम बसल्या जागी होते.

शिअर बोल्ट तुटते म्हनून घाबरू नका, तो तुटासाठीच देल्ला हाय. डबीभर बोल्ट सोबत ठेवाचे, कंपनीनं सांगतलेल्या ग्रेडचे. आमच्याकडं एक भाऊ बोल्ट तुटून तुटून कंटाळला तं त्यानं हाय टेन्साइलचा टाकला. बोल्ट नाई तुटला मंग. गिअरबॉक्सचे दात गेले.

आता पीटीओवाल्याची खरी कमजोरी सांगतो जे दुकानदार सांगत नाई. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर उचलते, खाली दाबत नाई. ऑगर खाली जाते ते स्वतःच्या वजनानं अन् ब्लेडच्या धारीनं. मातीत काही वाटत नाई, पन कोरड्या मुरमात ब्लेड वरच्यावर घासत राह्यते अन् तुम्ही ट्रॅक्टरवर बसून पाहात राह्यता. त्याले दोन इलाज, एक म्हनजे खालचे पॉइंट अन् ब्लेड धारीचे पाह्यजे, घासले की लगेच बदलाचे, अन् दुसरा म्हनजे जागेवर आदल्या दिवशी बालटीभर पानी टाकून ठेवाचं. तुमच्या वरच्या अंगाले हे लागंनच.

मेस्त्री_हिंगणा

काटोलवाल्या भाऊंनी मुद्द्याची गोष्ट सांगितली, खाली दाब नाही. पण हायड्रोलिक घेतलं म्हणून तो दाब येते असं नाही हे आधी समजून घ्या. थ्री पॉइंटवरच (ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टच्या तीन जोडांवर) लटकवलेला हायड्रोलिक डिगर पण स्वतःच्या वजनानंच खाली जाते. फिरवणारी मोटर बदलली, लिफ्ट तीच राहिली.

मी हायड्रोलिकचंच काम करतो, म्हणजे खरं तर मी हायड्रोलिक विकायला पाहिजे. पण हिशोब पाहा. हायड्रोलिकची ताकद काढायचा सोपा नियम आहे, दाब बारमध्ये गुणिले मिनिटाला किती लिटर तेल, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. समजा ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २० लिटर देते अन् १५० बार दाब धरला, तर झाले ५ किलोवॅट, म्हणजे पावणेसात एचपीच्या आत. मोटरमध्ये अन् पाइपांमध्ये आणखी थोडं जाते. तोच ४५ एचपीचा ट्रॅक्टर पीटीओतून ३५ च्या वर एचपी देते. एवढा फरक आहे.

आता कोणी म्हणेल की मोठी ऑर्बिट मोटर (तेलाच्या दाबावर फिरणारी) लावली तर टॉर्क भरपूर मिळते. मिळते, खोटं नाही. ४०० सीसीची, म्हणजे एका फेऱ्याला ४०० सीसी तेल घेणारी मोटर लावा, खड्डा पडेल, पण २० लिटर तेलावर ती मिनिटाला ५० च फेरे फिरेल. सावकाश फिरणं गोट्याच्या जमिनीत चांगलं, झटके कमी बसतात, पण शे-दोनशे खड्डे मारायचे असले की दिवस मावळते.

दुसरी अडचण तुमच्या त्या जॅकच्या पॉइंटची. ट्रॉलीचा जॅक एका पाइपावर चालते, तेल जाते, ट्रॉली उचलते, अन् खाली येताना ट्रॉलीच्या वजनानं तेच तेल त्याच पाइपातून परत येते. मोटरचं तसं नसते. तिला एका बाजूनं तेल सतत जायला पाहिजे अन् दुसऱ्या बाजूनं मोकळं परत यायला पाहिजे, उलटं फिरवायचं तर डबल ॲक्टिंग (दोन्हीकडून तेल सोडणारा) व्हॉल्व्ह पाहिजे. तो बसवता येते, पण तो खर्च डिगरच्या कोटेशनमध्ये आहे का ते दुकानदाराला विचारा. वरून, बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हायड्रोलिकचं अन् गिअरबॉक्सचं तेल एकच असते. मोटर तासन् तास चालली की तेच तेल तापते. नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये तेल थंड व्हायला वाव कुठं आहे. आणि पंप एकच असला तर लिफ्ट उचलायची की मोटर फिरवायची यात ओढाताण होते, दोन्ही एकाच वेळी जोरात होत नाही. डिगरचं काम तर नेमकं हेच, फिरवता फिरवता वर खाली करणं.

पीटीओवर बसणारा वेगळा पंप अन् वेगळी तेलाची टाकी असलेले सेट पण मिळतात. त्यानं तेल तापायचा अन् कमी पडायचा प्रश्न बऱ्यापैकी सुटते. पण मग शेवटी ताकद पीटीओतूनच घेतली ना, फक्त मध्ये पंप, टाकी, पाइप, व्हॉल्व्ह, मोटर एवढं सामान वाढवलं. पाच एकरासाठी मी तरी नाही सांगणार.

बिंदास_भाऊ_दिघोरी

काय एवढं डोकं लावून राहिले बाप्पा, हातात धरायचा पेट्रोलवाला अर्थ ऑगर घ्या ना, ५२ सीसी किंवा ६३ सीसीचा, डिगरच्या किमतीत कितीतरी येतील. दोन पोरं लावा, काम खतम.

ऑगरवाला_काटोल

@बिंदास_भाऊ_दिघोरी बगिच्यात कुंड्या लावासाठी ठीक हाय तो. मुरमात गोट्यात अडकला की मशीन फिरते, तुमचे मनगट फिरते. अन् ते टू स्ट्रोक, पेट्रोलमंधी ऑइल मिसळाचं, मजूर अंदाजानं ओतते अन् पिस्टन जाम. काळ्या वापशाच्या (म्हनजे ना चिखल ना कोरडी अशा) जमिनीत चार-सहा इंचाचे खड्डे असंन तं मी पन म्हनतो घ्या. पूर्ण कंपाउंडच्या पोलासाठी नाई.

मौदा_जेसीबी

हायड्रोलिकला एवढं पण खाली दाखवू नका राव. माझ्याकडं जेसीबीला ऑगर अटॅचमेंट आहे, मुरूम असो काही असो, बूमनं वरून दाबला की जाते खाली. रिव्हर्स आहे, फसला तर उलटा फिरवून काढतो, शिअर बोल्ट नाही, ऑपरेटर केबिनमध्ये, ऑगरजवळ माणूस लागतच नाही. उताराची जमीन असली तरी बूम हलवून खड्डा सरळ मारता येते. थ्री पॉइंटवाला डिगर खाली जाताना गोलाईत जाते, त्यामुळं खोल गेलं की खड्डा थोडा तिरपा होते, ट्रॅक्टर चार-सहा इंच मागं पुढं घ्या लागते. हे पीटीओवाले कबूल करत नाहीत.

मेस्त्री_हिंगणा

@मौदा_जेसीबी तुमचं शंभर टक्के खरं आहे, अन् माझ्या बोलण्याच्या उलटं पण नाही. जेसीबीचा पंप वेगळाच, ट्रॅक्टरच्या कितीतरी पट तेल देते, अन् बूम खाली दाबते. हायड्रोलिक ऑगर त्याच्यासाठीच बनलेला आहे. बाहेरच्या देशातले लोक हायड्रोलिकची तारीफ करतात ते लोडर नाहीतर स्किड स्टीअरवर (छोट्या लोडरवर) लावून. आपल्याकडं व्हिडिओ पाहून लोक तेच साध्या ट्रॅक्टरच्या मागं अपेक्षा करतात. दोघांचं नाव हायड्रोलिक, पण मशीन एक नाही.

एक फरक जमिनीचा पण आहे. तुमच्या मौद्याकडं धानाच्या बांध्या, खडक पण वेगळे. काटोल, हिंगण्याकडं खाली सगळा काळा पाषाण. आपलं नागपूर नेमकं या दोन्हीच्या शिवेवर बसलं आहे, बसॉल्टचा थर इथपर्यंत येऊन संपते, सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. म्हणून एका तालुक्यातला अनुभव दुसऱ्या तालुक्यात जसाच्या तसा लागू होत नाही. अन् पक्का पाषाण लागला तर पीटीओ काय अन् हायड्रोलिक काय, दोन्ही माती खोदायची मशीनं आहेत, तिथं ब्रेकर नाहीतर सब्बल.

संत्रेवाला_नरखेड

पोलचं ठीक आहे पण संत्र्याच्या खड्ड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहून राहिलो, कारण खरं नुकसान तिथं होते.

६ बाय ६ मीटरवर लावाल तर हेक्टरी २७७ झाडं बसतात, चार एकरात साडेचारशेच्या आसपास. जुन्या पद्धतीनं खड्डा पाऊण मीटर लांब-रुंद-खोल, काही जण तर एक मीटरचा घेतात. डिगरला २४ इंचाचा ऑगर लागते, म्हणजे ६० सेंटिमीटर, तो पण गोल. तेवढ्यावर बरेच जण भागवतात, चालते.

पण काळ्या मातीत, विशेष करून ओल जास्त असताना, ऑगर फिरला की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत अन् घट्ट होऊन जातात. मग झाड मडक्यात लावल्यासारखं होते. पावसाचं पाणी आत साचते, बाहेर जिरत नाही, मुळं भिंतीला लागून गोल फिरतात. संत्र्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, फायटोप्थोरा (मुळं सडवणारा रोग) लागते, डिंक्या (खोडातून डिंक गळणं) सुरू होते, अन् शेतकरी म्हणते नर्सरीवाल्यानं रोप खराब दिलं. खड्डा मारल्यावर सब्बलीनं नाहीतर टिकासानं भिंतीला चारही अंगानं खाचा पाडायच्या, तळ पण फोडायचा. हे काम मजुराकडूनच करून घ्या लागते, ऑगर करत नाही. अन् हे पीटीओ हायड्रोलिक दोन्हीत सारखंच आहे, म्हणून मशीन कोणती यावर भांडण्यापेक्षा ओल पाहून खड्डे मारा.

वापसा आला की मारा. पावसाळ्यात माती ऑगरला चिकटते, झटकता झटकत नाही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून इतकी कडक होते की ब्लेड घसरते. रब्बीच्या सुरुवातीला जी ओल असते ती सगळ्यात चांगली. मारलेले खड्डे मग उन्हाळाभर उघडे तापू द्यायचे, हे आपल्याकडं जुने लोक करतच होते.

आणि एक काम डिगरकडून जरूर करून घ्या जे कोणी करत नाही. लागवड ठरवायच्या आधी वावरात पाच-सात ठिकाणी पोलचाच बारीक ऑगर घालून जेवढा जाते तेवढा, तीन फुटापर्यंत खाली जाऊन पाहा काय निघते. चुनखड निघाली किंवा दीड फुटावर घट्ट मुरूम लागला तर तिथं संत्रा लावायचा का याचा परत विचार करा. तुमच्या वरच्या अंगाबद्दल मला शंकाच आहे. खालच्या खोल काळीत आजकाल बरेच जण खड्डा करतच नाहीत, बेड पाडून वर लावतात, पाणी निघून जाते. मग साडेचारशे मोठे खड्डे मारायची गरजच उरत नाही, अन् २४ इंचाचा ऑगर घ्यायची पण नाही. कलमाचा जोड मात्र जमिनीच्या वर राहू द्या, बेड असो की खड्डा.

रामटेकची_शेतकरीण

सगळे मशीनवर बोलून राहिले, माणसावर कोणीच नाही म्हणून मी लिहिते.

ऑगर खाली जात नाही म्हणून त्याच्या दांडीवर एखाद्या पोराला उभं करतात, वजन येते म्हणून. हे मी आमच्या भागात अनेकदा पाहिलं. वरती पीटीओचा शाफ्ट फिरत असते, खाली ऑगर, अन् मध्ये पोरगा दुपट्टा गळ्यात घालून उभा. एकदा कपडा शाफ्टमध्ये गेला की ट्रॅक्टरवाल्याला क्लच दाबायला पण वेळ मिळत नाही. वजन पाहिजे तर लोखंडाचं वजन बांधा, तेही कंपनीनं सोय दिली असेल तरच.

शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असते ते पहिल्याच महिन्यात तुटते अन् कोणी परत बसवत नाही. डिगर भाड्यानं आणा की विकत, कव्हर नसेल तर काम सुरू करू नका. खड्ड्याच्या तोंडाची माती पावड्यानं ओढायला बाई-माणूस जवळ येतात, तेव्हा पीटीओ बंदच पाहिजे, हळू चालू आहे वगैरे नाही. साडीचा पदर, दुपट्टा, गमछा, काहीच लोंबतं नको. या एका गोष्टीत हायड्रोलिक बरा, मागं फिरता शाफ्ट नसते अन् लिव्हर सोडला की थांबते. ऑगर मात्र तोही तेवढाच धोक्याचा.

अन् मारलेले खड्डे रात्रभर उघडे ठेवू नका हो, पोलचे तरी. जनावराचा पाय जाते, लहान मुलं असतात.

वावरवाला_कळमेश्वर

सगळ्यांना धन्यवाद, एवढं कोणत्याच दुकानात समजलं नसतं.

मी हिशोब करून पाहिला. पाच एकर समजा चौकोनी असते तर एक बाजू ४६७ फुटाच्या जवळपास, चारही बाजू मिळून १८७० फूट धरा, आठ फुटावर पोल टाकले तर २३५ च्या आसपास झाले. आमचं वावर लांबट आहे, म्हणजे धुरा जास्त, अन् कोपऱ्याला ताणाचे पोल वेगळे, तर अडीचशेच्या वर जातीलच. संत्र्याचं नरखेडच्या भाऊंनी डोक्यात घातलं तसं बेडवर गेलो तर मोठे खड्डे बादच. मग फक्त अडीचशे खड्ड्यांसाठी डिगर विकत घेऊ की भाड्यानं आणू? अन् काळीत पोल दोन फूट गाडला तर पुरते का? शेजाऱ्याचे पोल दोन पावसाळ्यात तिरपे झाले, म्हणून विचारतो.

मेस्त्री_हिंगणा

काळीत दोन फूट कमी पडते. ही माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, दरवर्षी पोलला ढकलते अन् सोडते, अन् जाळीचा ताण एका बाजूनं असतेच. अडीच फूट जा, अन् खड्डा भरताना तीच काळी माती परत टाकू नका, मुरूम अन् गिट्टी टाकून थराथरानं ठोकून घ्या. कोपऱ्याचे अन् गेटचे पोल काँक्रीटमध्येच. पोलचा अडीच फूट जमिनीत गेला तर वर जाळीची उंची किती राहते ते पाहून पोल ऑर्डर करा, रोह्यासाठी उंची लागते, डुकरासाठी खालची फट बंद लागते, दोघांचं वेगळं आहे.

चार-पाच इंची पोल असेल तर ९ इंचाचा ऑगर पुरते, ठोकायला चारही बाजूनं जागा मिळते. मुरमात ६ इंचाचा लवकर जाते, पण मग पोल बसला की ठोकायला जागाच राहत नाही.

विकत की भाड्यानं, माझ्या मते भाड्यानं. डिगरला महिनोन् महिने काम नसते, उभा राहिला की गिअरबॉक्सची सील सुकते, शाफ्टचा क्रॉस जाम होते. चार-पाच जणांनी मिळून घेतला अन् गावात भाड्यानं फिरवला तर गोष्ट वेगळी.

बिंदास_भाऊ_दिघोरी

अनुदान मिळते ना त्याच्यावर, फुकटच समजा.

संत्रेवाला_नरखेड

@बिंदास_भाऊ_दिघोरी फुकट काही नसते भाऊ. महाडीबीटीवर (सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करावा लागते, निवड झाली की कागदं अपलोड करायची, अन् पूर्वसंमती हातात आल्यावरच मशीन घ्यायची. आधी बिल फाडलं तर अनुदान विसरा. शिवाय पैसे आधी आपल्या खिशातून भरायचे, अनुदान मागाहून खात्यात येते. त्यांचं कंपाउंड यंदाच्या रब्बीच्या आधी पाहिजे असेल तर त्या भरवशावर राहण्यात मतलब नाही. पोस्ट होल डिगर यादीत कोणत्या हॉर्सपॉवरला बसते ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्यायला मात्र काही जात नाही.

मौदा_जेसीबी

धुऱ्यावर गोटे जास्त असतील त्या अंगाला जेसीबी लावा अन् बाकी ट्रॅक्टरनं करा, मी पण हेच सांगीन. अडीचशे खड्ड्यांसाठी पूर्ण जेसीबी लावणं परवडत नाही, तासाचा मीटर चालू असते. धंदा माझाच आहे तरी सांगतो. फक्त बकेटनं पोलचा खड्डा मारू नका कोणाच्या सांगण्यावरून, दोन फुटाचा चर पडते अन् भरायलाच अर्धी ट्रॉली मुरूम जाते.

वावरवाला_कळमेश्वर

मग असं करतो. पोलचे खड्डे पीटीओवाला भाड्यानं आणून, पाऊस उघडून वापसा आला की लगेच, वेचणीच्या आधी. वरच्या अंगाला मुरमाच्या जागी आदल्या दिवशी पाणी. गोट्याचा तुकडा साधारण दीडशे फुटाचा आहे, तिथं जेसीबी नाहीतर हातानं. संत्र्याचं आधी खाली जाऊन काय निघते ते पाहून मग.

@ऑगरवाला_काटोल भाऊ तुम्ही कळमेश्वरकडं येता का? ट्रॅक्टर माझा, डिगर तुमचा असं चालते का, की ट्रॅक्टरसकटच आणता?

ऑगरवाला_काटोल

येतो ना, काऊन नाई. ट्रॅक्टर माझाच आनतो. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरले डिगर लावाचा म्हनजे पीटीओ शाफ्टची लांबी जुळवा लागते, लांब झाला तं लिफ्ट वर घेतल्यावर आतल्या आत ठोकते अन् पीटीओचा बेअरिंग जाते, लहान झाला तं सुटून येते. ते भांडन नको.

तुम्ही फक्त येवढं करून ठेवजा. दोरी लावून पोलच्या जागेवर चुन्याचे टिपके, अन् कोपऱ्याच्या जागेले वेगळी खून. धुऱ्यावरची बोराटी, काटे साफ, ट्रॅक्टर धुऱ्याले लागून मागं घेता आला पाह्यजे. अन् विहिरीपासून मोटरची केबल अन् ठिबकची मेन लाइन कुठून गेली ते घरच्या म्हाताऱ्याले विचारून चुन्यानं आखून ठेवा, पाइपलाइन कोनं टाकली कुठून टाकली कोनालेच आठवत नाई मंग ऑगर गेल्यावर पान्याचा फवारा उडाला की सगळ्यायले आठवते. रेटचं फोनवर बोलू, इथं लिहलं तं बाकीचे भांडते. मेसेज टाका.